ताणाचे माप आणि प्रकाशाची साक्ष



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिचे लोण पुढे गावोगावी पोचले आणि आज घोड नदीच्या काठी, घोडेगावात, आपणही तोच परिपाठ चालवीत आहोत. कामगार चळवळीतला कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला, म्हणजे तो वेतन, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही निराळा विषय घेतला आहे. बहुवारिकांच्या पातळ पटलांची स्थितिस्थापकता प्रकाशाच्या प्रकीर्णनाने कशी मोजतात, आणि ही विद्या माणसाच्या हाती कोणत्या वाटेने आली, त्याचा इतिहास आम्ही सांगणार आहोत.

विषयाचे नाव जड आहे हे खरे. वस्तू मात्र आपल्या रोजच्या आहेत. शेततळ्यात अंथरतात तो काळा कागद, पॉलिहाऊसवरचा पांढरट कागद, दुधाची पिशवी, डॉक्टरांच्या हातातला रबरी मोजा, मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याचे रक्त गाळणारी नळी, ही सारी बहुवारिकांची पटलेच होत. बहुवारिक म्हणजे लहान रेणूंच्या हजारो कड्या एकमेकींत गुंतून झालेली लांब साखळी. पटल म्हणजे पापुद्रा. स्थितिस्थापकता म्हणजे ताण दिला असता लांबण्याचा आणि ताण सोडला असता मूळ स्थितीस येण्याचा गुण. प्रकीर्णन म्हणजे प्रकाशाचे विखुरणे. एवढे चार शब्द पदरी बांधले की पुढची वाट अवघड नाही. आम्ही कॉलेजात गेलो नाही. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयांतून शिकलो. म्हणून ज्या रीतीने ही गोष्ट आमची आम्हाला उमगली, त्याच रीतीने ती आपणापुढे मांडतो.

माप कोणाच्या हाती?

कामगार कार्यकर्त्याला या विषयाची ओढ का लागावी, ते आधी सांगितले पाहिजे. एका कारखान्यात (नाव घेण्याचे कारण नाही) प्लास्टिकच्या कागदाचे रोल निघत असत. गिऱ्हाइकाकडे जाऊन एखादा रोल फाटला, की ठपका यंत्रावरच्या माणसावर येई आणि पगारातून रक्कम कापली जाई. कच्चा माल निकृष्ट आहे असे कामगार म्हणत. व्यवस्थापन प्रयोगशाळेचा दाखला पुढे करी. त्या प्रयोगशाळेत कागदाची पट्टी कापून ती दोन चिमट्यांत धरीत, ती तुटेपर्यंत ओढीत आणि आकडा लिहीत. आकडा खोटा नव्हता. पण पट्टी रोलच्या सुरुवातीची असे आणि कागद फाटे मधल्या भागात. जी पट्टी तपासली ती तुटून गेली, आणि जी गिऱ्हाइकाकडे गेली ती कोणी तपासलीच नव्हती. कामगारांच्या प्रतिनिधीसमक्ष रोलच्या आरंभाची, मध्याची आणि शेवटची अशा तीन पट्ट्या घ्याव्यात, एवढीच आमची मागणी. ती मान्य व्हायला दीड वर्ष लागले. त्यानंतर पगारकपात थांबली.

त्या दीड वर्षात आम्ही स्थितिस्थापकतेवर हाती लागेल ते वाचून काढले आणि दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली ही की, मापाची काठी ज्याच्या हाती असते, न्यायही त्याच्याच हाती जातो. दुसरी ही की, जे माप घेताना वस्तूच नाहीशी होते, ते माप अपुरे होय. वस्तू न तोडता, किंबहुना तिला हातही न लावता, तिचा जोम कळण्याची काही युक्ती आहे काय? आहे, आणि तिच्या शोधाचा इतिहास शंभर वर्षांहून मोठा आहे.

कातडे, हिरडा आणि ढोलकी

बहुवारिक हा शब्द नवा असला तरी पदार्थ सृष्टीइतका जुना आहे. जनावराचे कातडे हे कोलॅजेन नावाच्या नैसर्गिक बहुवारिकाचे पटल होय. आपल्या तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकर-आहुपेच्या डोंगरांत, महादेव कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करीत आले आहेत. हिरड्यात टॅनिन असते. ते कोलॅजेनच्या तंतूंना धरून बसते. त्यामुळे कातडे कुजत नाही आणि मऊ असूनही टिकते. कातडे कमावणे म्हणजे पटलाचा स्थितिस्थापक गुण हेतुपुरस्सर बदलणे. हे रसायनशास्त्र कातडे कमावणाऱ्याला पुस्तकाने शिकवले नव्हते. त्याला ते बोटांनी कळत होते. मात्र त्याच्या बोटांच्या ज्ञानाला समाजाने विद्या म्हटले नाही. त्याला अस्पृश्य ठरवले. आणि ज्याने हिरडा गोळा केला, त्याला आपल्या मालाच्या भावासाठी आजवर वारंवार मोर्चे काढावे लागले.

शेजारचे नारायणगाव तर तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामाआधी तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. तेथल्या ढोलकीवाल्याला विचारा, पुडीत ताण किती आहे? तो आकडा सांगणार नाही. थाप मारील आणि कानाने सांगेल. हलगीवाला वाजविण्याआधी हलगी शेकतो, कारण दमट हवेत सैल पडलेले कातडे उबेने पुन्हा ताठ होते. येथे माप घेतले जाते ते आवाजाने, आणि वस्तू तुटत नाही. पुढच्या साऱ्या शास्त्राचे बीज एवढ्यात आहे.

या ढोलकीच्या जातीच्या वाद्यांवर शास्त्रीय निबंध लिहिणारा पहिला थोर भारतीय पदार्थवैज्ञानिक म्हणजे चंद्रशेखर व्यंकट रामन. साधे गोल पटल ताणून वाजवले, तर त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे आडनिडे पडतात. म्हणून त्याचा आवाज नुसता धडधडतो. मृदंग-तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई लावली, म्हणजे हे वरचे स्वर दुप्पट, तिप्पट, चौपट असे सुरेल होतात. १९२० साली रामन आणि शिवकाली कुमार यांनी हे ‘नेचर’ नियतकालिकात जगापुढे मांडले. ज्या अज्ञात कारागिराने पहिल्यांदा शाई लावली, त्याच्या हाताला हे शेकडो वर्षे आधी ठाऊक होते.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. ढोलकीचा स्वर आपल्याला मुख्यतः बाहेरून दिलेला ताण सांगतो. आपल्याला हवा आहे तो पदार्थाचा अंगभूत जोम, म्हणजे स्थितिस्थापकतेचा गुणांक. तो कळण्यासाठी पटलाच्या वरचा आवाज पुरत नाही. पदार्थाच्या आतून धावणारा आवाज ऐकावा लागतो.

आंधळ्याचे ओठ आणि रबराची साखळी

मानवाने बनवलेल्या बहुवारिकांची कथा रबरापासून सुरू होते. १८०५ साली इंग्लंडात जॉन गॉफ नावाच्या अभ्यासकाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. हा गृहस्थ लहानपणी देवीच्या रोगाने आंधळा झाला होता. त्याने रबराची पट्टी ओठांना लावून झटकन ताणली, तेव्हा ती उबदार लागली. शिवाय वजन टांगून ताणलेले रबर तापवले, तर ते लांबण्याऐवजी आखडते, असेही त्याला आढळले. लोखंडाची तार याच्या उलट वागते. याचे कारण कळायला सव्वाशे वर्षे लागली. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ केले, कारखाने निघाले, आणि तरीही रबर मुळात काय आहे हे कोणास ठाऊक नव्हते. १९२० साली जर्मन रसायनज्ञ हेरमान स्टाउडिंगर यांनी सांगितले की, हे पदार्थ म्हणजे अतिप्रचंड लांबीचे साखळी-रेणू होत. बड्या रसायनज्ञांनी त्यांची थट्टा केली. १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सैल पडलेली साखळी वाटेल तशी वळवळत असते. तिला ताणले की तिचे स्वातंत्र्य कमी होते, आणि सोडताच ती पुन्हा वळवळीकडे धाव घेते. रबराचा जोम हा असा आहे. उष्णता वाढवली की वळवळ वाढते, म्हणून ताणलेले रबर उबेने आखडते. गॉफच्या ओठांना जे जाणवले, त्याचा उलगडा हा.

आकाश निळे का?

आता प्रकाशाकडे वळू. १८६९ साली जॉन टिंडल यांनी अतिसूक्ष्म कणांच्या धुरातून प्रकाश सोडला, तो बाजूने निळसर दिसला. १८७१ साली लॉर्ड रॅले यांनी गणिताने दाखवले की, लहान कण आखूड तरंगलांबीचा प्रकाश फार अधिक विखुरतात. निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरला जातो. आकाशाचा निळा रंग त्यातून आला. प्रकाशाच्या विखुरण्यात पदार्थाची आतली बातमी दडलेली आहे, हा धडा प्रथम असा मिळाला.

पण निव्वळ पाण्यात किंवा काचेत धूळ नाही, कण नाही. तेथे प्रकाश कशाने विखुरतो? १९०८ साली स्मोलुखोव्स्की आणि १९१० साली आइन्स्टाइन यांनी याचे उत्तर दिले. आठवड्याच्या बाजारात माणसे कोठे दाटतात, कोठे विरळ होतात, आणि हे दाटणे-विरळणे क्षणोक्षणी बदलत असते. रेणूंचेही तसेच आहे. ही क्षणिक दाटी प्रकाशाला विखुरते. आता महत्त्वाची गोष्ट ही की, दाटी किती होऊ शकते ते पदार्थ किती दाबला जातो यावर ठरते. कडक पदार्थात दाटी कमी, दबणाऱ्या पदार्थात अधिक. म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाच्या गणितात स्थितिस्थापकता आपोआप येऊन बसली. येथे प्रथम प्रकाश आणि ताण यांची गाठ पडली.

बौबाजारातला दरवाजा

१९०७ साली अवघ्या अठरा वर्षांचे रामन सरकारी हिशेबखात्यातील अधिकारी म्हणून कलकत्त्यास आले. बौबाजार रस्त्यावर भारतीय विज्ञानसंवर्धन संस्थेची पाटी पाहून त्यांनी दार ठोठावले. दार उघडणाऱ्या गृहस्थांचे नाव आशुतोष डे. हे आशुबाबू संस्थेतले साहाय्यक. विद्यापीठाची पायरी ते कधी चढले नव्हते. पुढे सुमारे पंचवीस वर्षे रामन यांच्या प्रयोगांची उपकरणे त्यांच्या हातून गेली. १९१९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात कंप्रता मोजण्याच्या नव्या पद्धतीवर त्यांच्या एकट्याच्या नावाने निबंध छापला गेला आणि त्याला प्रस्तावना रामन यांनी लिहिली. शाळा-कॉलेजाबाहेर शिकलेल्या प्रत्येक कामगाराने हे नाव पाठ केले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

१९२१ साली विलायतेहून परतताना ‘नारकुंडा’ बोटीवर रामन भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहत होते. समुद्र आकाशाच्या प्रतिबिंबाने निळा दिसतो, असे रॅलेंचे मत. रामन यांच्या खिशात एक लहान निकोल लोलक होता. त्याने त्यांनी परावर्तित प्रकाश वगळून पाहिले, तरी निळाई उरली. पाणी स्वतःच प्रकाश विखुरते हे सिद्ध झाले. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा या विषयावरचे त्यांचे टिपण लिहून तयार होते. तेथून सात वर्षांच्या परिश्रमाने, के. एस. कृष्णन यांच्या साह्याने, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना तो प्रसिद्ध परिणाम सापडला. विखुरलेल्या प्रकाशात काही अंश रंग बदलून येतो आणि त्या बदलात रेणूच्या आतल्या कंपनांची खूण असते. १९८७ सालापासून हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

थोर माणसाचा गौरव करताना त्याची उणीव झाकणे बरे नव्हे. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत गेल्या. संचालक असलेल्या रामन यांनी केवळ बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी माघार घेतली नाही. अखेर एक वर्षाच्या अटीवर त्यांना आत घेण्यात आले. याच पुढे केंब्रिजला डॉक्टरेट मिळविणाऱ्या कमलाबाई सोहोनी. ज्या माणसासाठी स्वतः एक दार उघडले गेले होते, त्याच्याकडून दुसऱ्याचे दार सहज उघडले जात नाही. इतिहासात हे वारंवार दिसते. ते बाहेरून ठोठवावेच लागते.

आता एक तारीख ध्यानात घ्या. १० डिसेंबर १९३० रोजी स्टॉकहोम येथे रामन यांनी नोबेल पारितोषिक स्वीकारले. बरोबर दोन दिवसांनी, १२ डिसेंबर १९३० रोजी, आपल्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा बावीस वर्षांचा गिरणी कामगार बाबू गेनू मुंबईच्या काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. एकाने दाखवले की पारतंत्र्यातील देशाची बुद्धी जगाच्या पंक्तीत बसू शकते. दुसऱ्याने दाखवले की पारतंत्र्यातील देशाचा देह वाकत नाही. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे, आणि त्याच पाण्याखाली जुने आंबेगाव गेले आहे. दोन्ही नावे एका आठवड्याची आहेत, हे आपल्या मुलांना शाळेत सांगितले जावे अशी आमची विनंती आहे.

प्रकाशाने ऐकलेला आवाज

रामन परिणामात रेणूच्या आतले कंपन दिसते. आपल्याला हवे आहे ते साऱ्या पदार्थातून धावणाऱ्या ध्वनितरंगाचे दर्शन. त्याचे गणित फ्रेंच पदार्थवैज्ञानिक लेऑं ब्रिल्वॅं यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले. रशियात मांडेलश्टाम यांनीही स्वतंत्रपणे तोच विचार १९२६ साली मांडला. १९३० सालीच लेनिनग्राडच्या ग्रोस यांनी तो प्रयोगाने पडताळला.

कल्पना अशी आहे. कोणताही पदार्थ स्थिर दिसला तरी उष्णतेमुळे त्याच्या आत अतिसूक्ष्म ध्वनितरंग सदैव धावत असतात. आपण थाप मारण्याची गरज नाही, ढोलकी आतून आपोआप वाजत असते. या धावत्या तरंगांवर प्रकाश आपटला म्हणजे काय होते? पुणे-नाशिक रस्त्यावर उभे राहून एसटीचा भोंगा ऐका. गाडी जवळ येताना स्वर चढा लागतो, दूर जाताना उतरतो. तसेच, समोरून येणाऱ्या ध्वनितरंगावरून परतलेल्या प्रकाशाची कंप्रता किंचित वाढते, पाठमोऱ्या तरंगावरून परतलेल्याची किंचित घटते. मूळ रेषेच्या दोन बाजूंस दोन फिक्या रेषा उमटतात. त्यांचे अंतर मोजले की ध्वनीचा वेग मिळतो. वेगाचा वर्ग करून त्यास घनतेने गुणले की स्थितिस्थापकतेचा गुणांक हाती येतो. पट्टी कापायला नको, चिमटा नको, ओढणे नको.

हे वाचायला सोपे, करायला कठीण. उदाहरण म्हणून ॲक्रिलिकचा तुकडा घेऊ. त्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे २,७०० मीटर धावतो. हिरवा प्रकाश टाकून सरळ मागे आलेला किरण तपासला, तर त्याच्या कंप्रतेत सेकंदाला सुमारे १५ अब्ज कंपनांचा फरक पडतो. आकडा मोठा वाटतो. पण हिरव्या प्रकाशाची स्वतःची कंप्रता सुमारे ५ लाख ६० हजार अब्ज! म्हणजे सुमारे ३७ हजारांत एकाचा फरक ओळखायचा. यासाठी समोरासमोर ठेवलेल्या दोन अर्धपारदर्शक काचांमध्ये प्रकाश शेकडो वेळा मागेपुढे करविणारे फाब्री आणि पेरो यांचे उपकरण वापरतात. या मापातून ॲक्रिलिकचा गुणांक सुमारे साडेआठ अब्ज पास्कल निघतो. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तो पंचाऐंशी हजार पट झाला.

पूर्वी पाऱ्याच्या दिव्याच्या उजेडात फोटोची काच तासन्‌तास उघडी ठेवावी लागे. अशाच साधनांनी बंगळूरास रामन आणि व्यंकटेश्वरन यांनी १९३९ साली ग्लिसरीनवर काम केले. त्यांना आढळले की, अतिवेगी कंपनांना हा पातळ पदार्थ काहीसा घनासारखा कडक भासतो. ही सूक्ष्म गोष्ट पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे. १९६० साली लेसर आला. एकाच रंगाचा, सरळ, तेजस्वी किरण मिळू लागला. पुढील दशकात स्वित्झर्लंडमध्ये सँडरकॉक यांनी फाब्री-पेरो उपकरणातून प्रकाश अनेक वेळा फिरवून अतिफिक्या रेषाही वाचता येतील अशी रचना केली. मग मात्र या विद्येचे दार सताड उघडले.

युद्ध, रबर आणि पुणे

प्रकाश आणि बहुवारिक यांचे लग्न मात्र युद्धाने जुळवले. १९४२ साली मलायाचे रबराचे मळे जपानच्या हाती गेले आणि अमेरिकेला कृत्रिम रबर करणे भाग पडले. साखळ्या किती लांब झाल्या हे मोजायचे कसे? पीटर डिबाय यांनी १९४४ साली दाखवले की, द्रावणातून विखुरलेल्या प्रकाशावरून साखळीचे वजन काढता येते. आज कोठल्याही बहुवारिकाच्या प्रयोगशाळेत ही नित्याची रीत आहे.

आपल्याकडे ३ जानेवारी १९५० रोजी पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तिचे पहिले संचालक मॅकबेन हे साबणाच्या द्रावणांतील कणसमूहांचे जाणते. दुसरे फिंच हे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्या घेऊन चढणारे गिर्यारोहक आणि पृष्ठभागांचे अभ्यासक. १९५७ साली रंगरसायनांचे तज्ज्ञ व्यंकटरामन पहिले भारतीय संचालक झाले. पुढे याच प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर आले. गोव्याच्या माशेल गावी जन्मलेला, मुंबईच्या म्युनिसिपल शाळेत शिकलेला, विधवा आईच्या कष्टावर वाढलेला हा मुलगा. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाणी शोषून फुगणाऱ्या बहुवारिक जेलांचा सखोल अभ्यास केला. आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरणारी ‘जलशक्ती’ याच प्रयोगशाळेतून निघाली, आणि पिण्याच्या पाण्यातील जंतू अडविणाऱ्या गाळण-पटलांवरही तेथे काम झाले. जेल कितपत घट्ट आहे हे विखुरलेल्या प्रकाशाच्या लुकलुकण्यावरून सांगता येते, हे १९७३ साली अमेरिकेत तानाका, हॉकर आणि बेनेडेक यांनी दाखवून दिले होते. ढोबळ वस्तू हाताने दाबून पाहता येते. थरथरत्या जेलला चिमट्यात कसे धरणार? तेथे प्रकाशाचाच आधार.

पापुद्र्याची नवी गोष्ट

आता पटलाकडे येऊ. १९९६ साली कॅनडातील फॉरेस्ट, डचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिस्टायरीनचे अधांतरी ताणलेले पापुद्रे घेतले आणि त्यांवर ब्रिल्वॅं प्रकीर्णनाचा प्रयोग केला. पापुद्रा सुमारे २९ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे शेततळ्याच्या ५०० मायक्रॉन कागदाच्या सुमारे सतरा-हजारांश! एरवी पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. हा पापुद्रा त्याच्या सुमारे ७० अंश आधीच मऊ पडू लागला. तोच पदार्थ, पण पातळ केला की निराळा वागतो. पृष्ठभागावरच्या साखळ्यांना एका बाजूने शेजारी नसतो, हे याचे एक कारण समजले जाते. हा शोध चिमट्यांनी लागणे शक्य नव्हते. चिमटा लावताच पापुद्रा फाटला असता.

पातळ पटलात ध्वनितरंग दोन्ही पृष्ठभागांच्या मध्ये कोंडून धावतात. प्रकाश निरनिराळ्या कोनांतून टाकला की निरनिराळे तरंग सापडतात, आणि त्यांतून पटल दाबाला किती दाद देते, सरकवण्याला किती देते, हे वेगवेगळे काढता येते. हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नाही. १९४३ साली जर्मनांच्या टाचेखालील हॉलंडात डॉक्टर कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टणाची सेलोफेन नळी वापरून कृत्रिम मूत्रपिंड बनवले, तेव्हा रोग्याचे प्राण एका पापुद्र्याच्या चिवटपणावर टांगलेले होते. आज आपल्या तालुक्यातून डायलिसिससाठी आठवड्यातून दोनतीनदा फेऱ्या घालणाऱ्या रोग्यांची गोष्ट निराळी नाही. २००८ साली अमेरिकेत स्कार्चेल्ली आणि युन यांनी हेच प्रकीर्णन सूक्ष्मदर्शकात बसवून उंदराच्या डोळ्यातील भिंगाचा कडकपणा त्याला स्पर्श न करता मोजला. पुढे माणसाच्या डोळ्याचे पारपटल, म्हणजे पुन्हा कोलॅजेनचेच पटल, कोठे कमकुवत झाले आहे हे पाहण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. कातडे कमावणाऱ्याच्या बोटांपासून निघालेली वाट अशी डोळ्यापर्यंत येऊन पोचली.

मर्यादा आणि धडा

कोणत्याही साधनाची मर्यादा न सांगता त्याची स्तुती करणे ही जाहिरात होईल. ब्रिल्वॅं प्रकीर्णन सेकंदाला अब्जावधी कंपनांच्या वेगाने पदार्थाला विचारते. हातातले रबर सावकाश ओढले तर त्याचा गुणांक सुमारे दहा लाख पास्कल असतो. प्रकाशाने मोजला तर तो हजारपटीहून अधिक निघतो. यात लबाडी कोणाचीच नाही. प्रश्न दोन आहेत. एक तर रबर लांबायला सोपे असले तरी सर्व बाजूंनी दाबून त्याचे आकारमान घटवणे फार कठीण, आणि हा ध्वनितरंग त्याला दाबतो. दुसरे, इतक्या घाईत साखळ्यांना वळायला सवडच मिळत नाही. ग्लिसरीनबाबत बंगळूरास दिसले ते हेच. म्हणून शेततळ्याचा कागद विकत घेताना आजही ओढून पाहण्याचीच चाचणी कामाची आहे. लेसर घेऊन कोणी बांधावर येणार नाही. कोणत्या प्रश्नाला कोणते माप, हे ओळखणे हीच विद्या.

आम्हा कामगारांना यातून एक धडा घ्यावासा वाटतो. माणसाचा जोम मोजण्याच्याही दोन रीती आहेत. एक रीत तुटेपर्यंत ओढण्याची. बारा तासांची पाळी, कंत्राटी नोकरी, आणि माणूस कोसळला की आकडा लिहून घ्यायचा, पुढची पट्टी लावायची. दुसरी रीत त्याच्या आत सदैव चाललेला आवाज ऐकण्याची. त्यासाठी उजेड पाडावा लागतो, बाजूला उभे राहून धीराने पाहावे लागते, आणि जे फिके दिसते तेही टिपावे लागते. पहिली रीत स्वस्त वाटते, पण जे तपासले तेच तिच्यात नष्ट होते. गिरण्यांच्या काळापासून आजच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत आम्ही पहिल्याच रीतीशी झगडत आलो आहोत.

आणि एक मागणी. आपल्या भागातील मुले आज चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत प्लास्टिकच्या आणि रबराच्या यंत्रांवर उभी आहेत. यंत्र कसे चालवायचे ते त्यांना शिकवले जाते, पदार्थ असा का वागतो हे शिकवले जात नाही. आशुतोष डे यांना कोणीतरी उपकरणांच्या खोलीत येऊ दिले आणि त्यांचे नाव निबंधावर छापू दिले. तालुक्याच्या वाचनालयात पदार्थविज्ञानाचे एक कपाट मराठीत असावे. कारखान्यातल्या चाचणीच्या आकड्याचा अर्थ विचारण्याचा हक्क यंत्रावरच्या माणसाला असावा, आणि तो आकडा समजून घेण्याची त्याची तयारीही असावी. हक्क युनियन मिळवून देईल. तयारी मात्र ज्याची त्याने करायची आहे, आणि तीत मदत करणे हे अशा व्याख्यानमालांचे काम आहे.